उरलेली एकोणीस पानं

सरांच्या शेवटच्या लेखातली चूक मला एका बुधवारी दुपारी सापडली, आणि पुढचे सहा दिवस मी ती त्यांना सांगितली नाही.

लेख एकशे बारा पानांचा होता. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी हाती घेऊन अकरा वर्षं सर तो लिहीत होते. परीक्षांच्या उरलेल्या, एका बाजूनं कोऱ्या कागदांवर, शाईच्या पेनानं. परदेशातल्या जर्नलकडे पाठवण्याआधी कुणीतरी तो ओळ न् ओळ तपासायला हवा होता आणि ते काम त्यांनी मला सांगितलं. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी. तेव्हा कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात गणित शिकवत होते, आजही शिकवते. सकाळचे तास संपले की स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून रोज चार पानं वाचायची, असा मी नेम केला होता. एकाहत्तराव्या पानावर अडकले. तिथं सर एक गोष्ट धरून चालले होते : बेरजेत घेतलेल्या लाटांची संख्या कितीही वाढवली तरी एक ठरावीक आकडा वाढत नाही. मी दोन लाटा घेऊन पाहिलं, चार घेऊन पाहिलं, मग आठ, सोळा. तो आकडा वाढत होता. अगदी हळू, सहज लक्षातही येऊ नये इतका हळू, पण वाढत होता. आणि त्या एका वाक्यावर पुढची एक्केचाळीस पानं उभी होती.

मी वही मिटली आणि शेजारच्या बाईंना म्हटलं की माझं डोकं दुखतंय. खरंच दुखायला लागलं होतं.

सर कोण होते ते सांगायला हवं, कारण कोल्हापुरात त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. राजारामपुरीत ते राहत त्या गल्लीत त्यांना ‘गणिताचे मास्तर’ म्हणत. समोरच्या घरातल्यांनी एकदा मुलीला दहावीचं गणित शिकवाल का म्हणून विचारलं, तर सरांनी वर्षभर तिला शिकवलं. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत ज्यांचं नाव फळ्यावर लिहिलं जातं तो माणूस आपल्या मुलीला वर्गसमीकरणं शिकवतोय हे त्या घरी कधी कळलं नाही, आणि सरांनाही ते कळवावंसं वाटलं नाही.

त्यांचा विषय हार्मोनिक अॅनालिसिस. एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला ते फळ्यावर एक वेडीवाकडी रेघ काढायचे आणि सांगायचे की ही रेघ म्हणजे कुणाचा तरी आवाज आहे असं समजा. कितीही वेडावाकडा आवाज असला तरी तो साध्या, एकसारख्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. प्रश्न एवढाच, की त्या लाटा सुट्या केल्यावर पुन्हा एकत्र बांधल्या तर मूळचा आवाज परत मिळतो का. कधी मिळतो, कधी मिळत नाही. कधी मिळत नाही ते शोधण्यात माझं आयुष्य गेलं, असं ते म्हणायचे, आणि वर्गाला वाटायचं सर विनोद करतायत.

एकतिसाव्या वर्षी, परदेशात असताना, त्यांनी एक असमानता सिद्ध केली. एखादी मोठी, हाताबाहेर जाणारी गोष्ट दुसऱ्या एका हातातल्या गोष्टीपेक्षा कधीच मोठी होऊ शकत नाही, असं सांगणारं ते एका ओळीचं विधान होतं. आज त्या विषयाच्या कुठल्याही जाड पुस्तकात ती सरांच्या आडनावानं दिलेली असते. छत्तिसाव्या वर्षी ते सगळं सोडून परत आले आणि इथल्या विद्यापीठात लागले. तेव्हा ग्रंथालयात जर्नल्स वर्ष वर्ष उशिरा यायची. का परत आलात असं कुणी विचारलं की ते दर वेळी वेगळं उत्तर द्यायचे. मला एकदा म्हणाले, तिकडं भाकरी चांगली मिळत न्हाय.

मी कबनूरची. वडिलांचे चार पॉवरलूम होते, घराला लागूनच. शाळेतून आले की मी सुताच्या कांड्या भरायला बसायची. मागांच्या खडखडाटात वाढल्यामुळं माझा आवाज चढा. पहिल्यांदा सरांच्या खोलीत शंका विचारायला गेले तर ते म्हणाले, एवढ्या मोठ्यानं कशाला बोलतीस, मी काय मागाच्या पलीकडं बसलोय? मी घाबरून निम्म्या आवाजात शंका विचारली. ती ऐकून ते म्हणाले, “मला म्हाईत न्हाय. उद्या सांगतो.”

मला माहीत नाही, असं म्हणणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते आठ पानं लिहून घेऊन आले. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की अजूनही पूर्ण उत्तर मिळालेलं नाही.

एम.एस्सी. झाल्यावर घरी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. सरांना ते कुणाकडून तरी कळलं. एका रविवारी ते एस.टी.नं इचलकरंजीला उतरून, तिथून रिक्षानं आमच्या दारात आले. वडिलांनी माग थांबवले, खुर्ची दिली, चहा झाला. वडिलांनी सरळ विचारलं की ही अजून चार वर्षं शिकून करणार काय, ह्या गणिताचा उपयोग काय. सर म्हणाले की उपयोग मला सांगता यायचा नाही. पोरीला डोकं आहे एवढं सांगू शकतो, आणि असं डोकं माझ्याकडं दहा वर्षांत एकदा येतं.  वडील उठून पुन्हा माग सुरू करायला गेले. जाता जाता आईला म्हणाले की पोरीचं नंतर बघू. सरांच्या हाताखाली एकूण चौघांनी पीएच.डी. केली. मी दुसरी.

तर ते सहा दिवस.

बुधवारी सापडलेली चूक मी गुरुवारी पुन्हा तपासली, शुक्रवारीही. माझंच चुकत असावं म्हणून सगळ्या बाजूंनी बघितलं. शनिवारी सरांकडे जायला निघाले. फाटकातच काकू भेटल्या, सरांच्या पत्नी. त्या शाळेत मराठी शिकवायच्या, निवृत्त झालेल्या, गणिताशी त्यांचा संबंध नाही; पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काहीतरी कळलं. त्यांनी फाटक उघडलंच नाही. बाहेर आल्या आणि मला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चालत घेऊन गेल्या. चूक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दुरुस्त होण्यासारखी आहे का? मी म्हटलं, मला नाही वाटत.

“मग काही बोलू नकोस,” काकू म्हणाल्या. “दोन स्टेंट घातलेत त्यांना. चांगलं आहे म्हण आणि पाठव. तिकडचे लोक वर्षभर वाचत बसतील. सापडेल तेव्हा सापडेल. तोवर…”

 त्यांनी गोळ्यांची पाकिटं घेतली आणि परत गेल्या. मी तिथूनच घरी आले.

त्यांचं ऐकावं असं मला मनापासून वाटत होतं. ते अवघडही नव्हतं. एवढ्या लांब लेखाला जर्नलकडून उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सरांचं वय ब्याऐंशी. काकूंचा हिशेब चुकीचा नव्हता. पण सोमवारी सरांचाच फोन आला. कुठवर आलीस, असं विचारलं. मी म्हटलं, सत्तर पानं झाली. ते खूश होऊन म्हणाले की खरी गंमत पुढंच आहे, एकाहत्तरपासून. मी तास आहे म्हणून फोन ठेवला.

मंगळवारी गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी कागद सरांसमोर ठेवला आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा बदलला. मी आणलेली दोन, चार, आठ, सोळा अशी उदाहरणं एकेक करून त्यांनी पुन्हा स्वतः सोडवली. तास गेला असेल. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. शेवटी सरांनी पेनाला टोपण लावलं.

“हे तुला कधी सापडलं?”

“बुधवारी.”

“आज मंगळवार हाय.” त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. “म्हणजे सहा दिवस मी खोट्या गोष्टीवर काम करत बसलो, आणि तुला म्हाईत होतं.”

चुकीचं त्यांना काय वाटलं ते मला त्या दिवशी कळलंच नाही. राग होता तो सहा दिवसांचा. मी काकूंचं नाव घेतलं नाही. सर म्हणाले की आता जा, आणि मी निघाले. मी चपला घालत होते तेव्हा काकू आतून आल्या. त्यांनी नुसतं दार लावून घेतलं.

पुढचे दोन महिने सरांनी मला बोलावलं नाही. मी फोन केला की काकू उचलायच्या आणि ते झोपलेत म्हणायच्या. मला वाटलं आता हे घर मला संपलं. मग एके दिवशी कॉलेजच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत चार पानं, सरांच्या अक्षरात, आणि वर एक ओळ : हे तपास, आणि सापडलं तर त्याच दिवशी सांग.

त्या चुकीनं लेखात पडलेली भेग बुजवायचा तो त्यांचा पहिला प्रयत्न होता. त्यात चूक होती. मी त्याच दिवशी सांगितली. नंतरच्या दीड वर्षात असे नऊ प्रयत्न झाले. सातव्यापर्यंत चूक मला सापडायची. आठवा त्यांनीच तासाभरात फोन करून मागं घेतला. नववा पाठवलाच नाही. मी गेले तेव्हा वाचून दाखवला, आणि वाचता वाचता मध्येच थांबले. पुढं कुठं अडतंय ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्यांनी पानं उलटी करून ठेवली.

त्या दिवशी ते पहिल्यांदा मला म्हातारे दिसले. हात मांडीवर ठेवून बसले होते. म्हणाले की बाहेर बागेत बसू. बागेत कुंड्याच चार. तिथं बसल्यावर त्यांनी विचारलं की ह्यातलं काय काय खरं आहे, ते तू सांग. एकशे बारा पानांतली चुकीची काढून टाकली तर खाली काय उरतं.

आम्ही महिनाभर तेच केलं. मी रोज दुपारी जायची. ते एकेक पान घ्यायचे, हे त्या वाक्यावर अवलंबून आहे का, किंवा नुसतं त्याच्याच तयारीसाठी आहे का, एवढंच बघायचे, आणि असेल तर पान डावीकडच्या गठ्ठ्यात टाकायचे. डावा गठ्ठा वाढत गेला. काही पानांवर ते रेंगाळायचे. एका पानावर फार सुंदर गणित होतं, मला आजही आठवतं. तेही डावीकडं गेलं. शेवटी, त्या नऊ प्रयत्नांतली खरी ठरलेली पानं धरून, उजवीकडं एकोणीस पानं उरली. मोठं विधान त्यात नव्हतंच. एवढ्या एवढ्या अटी असतील तर तो हळू वाढणारा आकडा किती हळू वाढतो, ते नेमकं सांगणारं एक प्रमेय होतं, आणि त्याच्या आधाराला दोन-तीन छोट्या गोष्टी.

प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं की मूळ हेतू याहून मोठा होता, तो साधला नाही, आणि ती चूक अमुक विद्यार्थिनीनं दाखवली. मी माझं नाव काढायला सांगितलं. त्यांनी काढलं नाही. लेख पाठवून झाल्यावर काकूंनी शिरा केला होता. सरांनी दोन घास खाल्ले आणि जाऊन पडले.

त्यानंतर पाचव्या महिन्यात, सकाळी दाढी करताना ते बेसिनपाशी खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा एका गालावर साबण तसाच होता. काकूंनी तो पदरानं पुसला.

पंचगंगेच्या घाटावर अंत्यविधीला तीसेक माणसं असतील. विद्यापीठातले काही, गल्लीतले काही. समोरच्या घरातली मुलगी, जिला त्यांनी दहावीला शिकवलं होतं, ती आता स्वतः शिक्षिका आहे, तीही आली होती. जगभरातून माझ्याकडं ई-मेल येत होते. ज्यांची पुस्तकं मी वाचली होती त्या लोकांनी लिहिलं होतं की आम्ही या माणसाच्या खांद्यावर उभे राहून काम केलं. मी ते छापून काकूंना नेऊन दिले. त्यांनी एकदा चाळले आणि कपाटात सरांच्या सदऱ्यांखाली ठेवले. म्हणाल्या, हे लोक जिवंतपणी एकदा फोन करून बोलले असते तर.

लेख आता लहान होता म्हणून जर्नलनं तो लवकर स्वीकारला होता; तीन आठवड्यांनी त्याची शेवटची मुद्रितं आली. सोबतच्या अर्जात लेखकाचा सध्याचा पत्ता विचारला होता. मी तो रकाना रिकामा ठेवणार होते. काकूंनी राजारामपुरीतला घराचाच पत्ता घालायला सांगितला.

आता अक्का. सरांची मोठी बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. गाव नेसरीजवळ, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात; सरांनी ऐंशी ओलांडली तरी अक्कांना ते तम्माच होते. आई लवकर गेली. भावाला अक्कांनीच वाढवलं, शेतात राबून शिकवलं. स्वतः शाळेची पायरी चढल्या नाहीत. रक्षाविसर्जनाला त्यांना गाडीत घालून आणलं होतं. सगळं झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं.

“तू त्येची शिष्या न्हवं?” त्या म्हणाल्या. “आमच्या तम्मानं नेमकं केलं काय गं? गावात इचारत्यात. मी काय सांगू?”

मी म्हटलं, गावी येऊन सांगते. आणि दोन वर्षं गेले नाही. कसं सांगायचं ते कळत नव्हतं हे एक कारण. दुसरं, चुकीचा विषय काढायचा की नाही ते ठरत नव्हतं.

गेल्या वर्षी एक ई-मेल आला. परदेशातल्या दोन तरुण संशोधकांनी लिहिलं होतं की सरांनी अकरा वर्षं जे विधान सिद्ध करायचा प्रयत्न केला, ते मुळातच खोटं आहे. त्यांनी तसं सिद्ध केलं होतं. आणि ते करताना त्यांची पहिली पायरी सरांची ती एकोणीस पानं होती. तो आकडा किती हळू वाढतो हे सरांनी नेमकं सांगितलं नसतं, तर आम्हाला हे कधीच सुचलं नसतं, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी ते चार वेळा वाचलं. भेग बुजणं कुणालाच शक्य नव्हतं. सर आणखी वीस वर्षं जगले असते तरी नाही. हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

काकूंकडे गेले, सगळं सोपं करून सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे ती अकरा वर्षं…”

मी हो म्हटलं.

 मग काकूंनी विचारलं की सरांना हे कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं. मी म्हटलं, पहिल्यांदा चिडले असते, मग त्या दोघांचा लेख घेऊन वाचायला बसले असते आणि दोन दिवस आपल्याशी बोलले नसते. काकूंना हसू आलं आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. इतक्या दिवसांत त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसून म्हणाल्या की अक्कांकडे जाऊन येऊ. त्यांनी विचारलं होतं तुला, आणि त्यांचेही आता फार दिवस नाहीत.

रविवारी मी गाडी काढली आणि आम्ही गेलो. अक्का सोप्यात बाजेवर बसल्या होत्या. नातीनं भाकरी, झुणका, वर दही आणून दिलं. जेवणं झाल्यावर मी सांगायला सुरुवात केली. लाटांचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. अक्का ऐकत होत्या, पण डोळ्यांत काही पोचत नव्हतं. मग मी म्हटलं की दवाखान्यात ते मोठं मशीन असतं, ज्यात झोपवून आतून फोटो काढतात, त्याच्या मागं असलंच गणित असतं. अक्कांच्या पाठीचा तसला फोटो काढलेला होता. त्या सावरून बसल्या. त्या खडखडणाऱ्या मशीनमध्ये तम्माचं गणित आहे काय, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलायला मला जमलं नाही. मी म्हटलं, नेमकं तेच नाही, त्याच घरातलं.

“म्हंजी भावकीतलं,” अक्का म्हणाल्या. मी हो म्हटलं. हे त्यांना पुरलं. गावात सांगता येईल, म्हणाल्या.

तिथंच थांबायला हवं होतं. पण अक्का थोड्या वेळानं म्हणाल्या, “एवढा हुशार हुता, मग त्येला तिकडनं काढला का?”

मला कळेना. कुणी काढलं, असं मी विचारलं. तेव्हा अक्कांनी सांगितलं. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचा नवरा वारला, पाठोपाठ वडिलांना अर्धांगवायू झाला, त्या एकट्या पडल्या. आणि त्याच वर्षी तिकडं तम्माची नोकरी गेली म्हणून तो परत आला. अक्कांच्या मते कोल्हापुरात त्याला फारसं काम नसायचं, म्हणून दर शनिवारी एस.टी.नं गावी यायचा. वडिलांना अंघोळ घालायचा, त्यांचं सगळं करायचा, रविवारी संध्याकाळी परत जायचा. वडील जाईपर्यंत, नऊ वर्षं. अक्कांना भावाची नोकरी गेल्याची लाज वाटायची, पण त्यांनी ती कधी कुणाला दाखवली नाही. त्यालाही कधी विचारलं नाही.

सरांच्या माघारी त्यांची कागदपत्रं मीच लावली होती. त्या वर्षांतली पत्रं मी वाचली होती. तिकडच्या विद्यापीठानं त्यांना तीनदा राहण्याची विनंती केली होती. सरांच्या उत्तराची कार्बन प्रतही फायलीत होती : घरी माझी बहीण आजारी वडिलांसोबत एकटी आहे, आणि दुसरं कुणी नाही.

मी ते अक्कांना सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. काढलं नव्हतं, तेच सोडून आले, तुमच्यासाठी. मला वाटलं आयुष्यभराची लाज एका वाक्यात जाईल.

 अक्का बाजेची नवार बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्यासाठी व्हय?” आणि नंतर, “मग मला सांगितलं का न्हाय त्यानं? मी त्येला एवढ्या लांबनं येऊ दिलं नसतं की.”

नातीनं चहा आणला. अक्कांनी घेतला नाही. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष दुसरीकडं होतं.

 परतताना निपाणी जवळ आली तेव्हा काकू बोलल्या. अक्कांचा तसा समज आहे हे सरांना पहिल्यापासून माहीत होतं. काकूंनी एकदा म्हटलंही होतं की त्यांना खरं काय ते सांगून टाका. तर सर म्हणाले होते की नोकरी गेलेल्या भावाला ती भाकरी घालेल. तिच्यापायी नोकरी सोडलेल्या भावाच्या ताटात वाढताना तिचा हात थरथरेल. समजू दे तिला काय समजायचं ते.

मी गाडी बाजूला घेतली. काकूंना विचारलं की मग तिथं मला थांबवलं का नाहीत.

“मलाही वाटत होतं कुणीतरी सांगावं,” काकू म्हणाल्या. “पन्नास वर्षं मी गप्प होते.”

अक्का त्यानंतर आठ महिने होत्या. त्यांच्या नातीचा अधूनमधून फोन यायचा. ती सांगायची की म्हातारी येईल त्याला सांगते, माझ्या तम्माला कुणी काढलं नव्हतं, तो माझ्यासाठी आला. अगदी ताठ बसून सांगते. आणि माणूस गेला की रडत बसते, जेवायला उठत नाही. हे चांगलं झालं की वाईट, असं ती मला विचारायची, जणू मला ते माहीत असणार.

यंदा एम.एस्सी.च्या वर्गाला मी त्या एकोणीस पानांतलं प्रमेय शिकवलं. दोन तास लागले. दुसऱ्या तासाच्या शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं की हे ज्यांचं आहे ते कोण होते, इथलेच का. मी म्हटलं, नेसरीकडचे. आणखी काही सांगावं असं वाटलं, पण घंटा झाली होती. पुढच्या तासाची मुलं दारात उभी होती. मी फळा पुसला आणि बाहेर आले.